खालच्या वाटेनं गेलेली नणंद

अँब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये ती आणि मी सत्तावीस वर्षं शेजारी शेजारी बसलो. आम्ही सगळे तिला कुठेबाई म्हणायचो, कारण फोन उचलल्या उचलल्या तिचा पहिला शब्द ‘कुठे?’ हाच असायचा. तसा नियमच होता. आधी जागा विचारायची, मग बाकीचं. फोन मध्येच तुटला तरी गाडी निदान निघते. पण फोन करणारी माणसं आधी रडतात, मग ओरडतात, मग पहिल्यापासून हकीकत सांगतात आणि पत्ता सगळ्यात शेवटी. कुठेबाई त्यांना त्या हकिकतीतून बोट धरून बाहेर काढायची. “ते सगळं ऐकते मी. आधी कुठे आहात तेवढं सांगा.” आवाज इतका शांत, की पलीकडचा रडायचा थांबायचा.

घरी मात्र हा शांतपणा औषधालाही नव्हता. आमच्या कामात एक वाईट गोष्ट आहे. गाडी पोचली की आपला फोन संपतो. पुढे माणूस वाचला का, पोर शुद्धीवर आलं का, हे त्या खुर्चीवर बसणाऱ्याला कधी कळत नाही. आम्ही बाकीचे खुर्चीवरून उठलो की विसरायचो. कुठेबाईला ते जमलं नाही. शेवट न कळलेले हजारो फोन ती डोक्यात घेऊन घरी जायची आणि त्यांचे शेवट घरच्यांना लावायची. नवरा अंघोळीला गेला आणि पाण्याचा आवाज बंद झाला, की ही दारावर थाप मारणार. कोणी बाहेर निघालं की कोणत्या रस्त्यानं जाणार, परत कधी येणार, हे सांगितल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. एकदा तिच्या सासूनं घरच्या फोनवर फोन केला, तर हिनं सवयीनं विचारलं, “पत्ता सांगा.” सासू म्हणाली, “अगं, मी सासू. पत्ता तुझाच.” हा किस्सा ती स्वतःच सांगायची आणि हसायची. पण फोनवर स्वतःच्या घराचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली होती, ती काही तिनं काढली नाही.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. अबोल, हसरा माणूस. त्याला एक धाकटी बहीण. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून भावानं तिचं नाव भिंगरी ठेवलं, ते साठी उलटली तरी सुटलं नाही. भिंगरीचं बायकांचे केस कापायचं दुकान होतं. तिनं लग्न केलं नाही, आणि का केलं नाही असं विचारलं की दर वेळी वेगळं कारण सांगायची. दर रविवारी बहीणभाऊ समुद्रकाठच्या एका निसर्ग उद्यानात फिरायला जायचे. फाटकापासून निघून, दलदलीवरच्या फळ्यांच्या वाटेनं, मग कड्याच्या माथ्यावरून, मग झाडीतून परत फाटकाशी, असा तो पाच किलोमीटरचा फेरा होता. कुठेबाई कधी गेली नाही. आधी रविवारच्या पाळ्या असायच्या म्हणून, आणि नंतर कडा आणि पाणी हे दोन शब्दही तिला ऐकवत नसत म्हणून. ती घरी बसून घड्याळ बघायची.

नवरा हृदयविकारानं गेला, त्याच वर्षी ती निवृत्त झाली. भिंगरी दर आठवड्याला मागे लागायची. “चल ना वहिनी. घरात बसून भिंतींना पहारा कशाला देतेस?” दोन वर्षं ही नाही म्हणत राहिली. दुसऱ्या हिवाळ्यात एका रविवारी ती हो म्हणाली. का म्हणाली, ते तिलाही सांगता आलं नाही.

पुढचं मला दोघींनी वेगवेगळं सांगितलं. जिथे दोघींचं जुळतं, तेवढंच मी धरते.

दीडच्या बसनं त्या पोचल्या. आभाळ खाली आलेलं, वारा कानाला चावणारा. फाटकाशी पहारेकऱ्याची खोली आणि तिच्या भिंतीवर फळा. फळ्यावर खडूनं लिहिलेलं, ‘फाटक पाचला बंद. खालची वाट पावणेचारनंतर बंद. भरती.’ कुठेबाईनं ते तीनदा वाचलं. मग पहारेकऱ्याला जाऊन विचारलं, “खालची वाट म्हणजे कुठली?”

“कड्याच्या पायथ्याची. चौदा नंबरच्या खांबापाशी पायऱ्या उतरतात, अठराच्या खांबापाशी वर येतात. तुम्ही वरूनच जा, खांबांचे नंबर बघत. चुकायला काही नाही.”

“चुकलंच तर?”

“तर परत या,” पहारेकरी म्हणाला आणि शेगडीकडे वळला.

दलदलीवरच्या फळ्यांवर दव गोठलेलं होतं. कुठेबाई कठडा धरून, एकेक पाऊल टाकत चालली. भिंगरी पुढे जायची, थांबायची, परत मागे यायची. एकीकडे तोंडाचा पट्टा चालूच होता. हे बदक कुठलं, या बाकावर दादा बसायचा, इथं एकदा टोपी उडाली होती. थर्मासमधला चहा प्यायला दोघी दोनदा थांबल्या. चौदा नंबरच्या खांबाशी आल्या तेव्हा तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. हे मला कुठेबाईनं सांगितलं. भिंगरीनं वेळ बघितलीच नव्हती.

तिथे खाली पायऱ्या उतरत होत्या. समुद्र बराच मागे होता आणि ओले दगड चकाकत होते.

“आपण खालून जाऊ,” भिंगरी म्हणाली. “दादा नेहमी खालूनच जायचा.”

“फळा वाचलास ना?”

“पावणेचारला बंद. आत्ता तीन झालेत. वीस मिनिटांची वाट आहे.”

“मी येणार नाही. आणि तूही जायचं नाहीस.”

भिंगरीनं तिच्याकडे बघितलं. “वहिनी, दोन वर्षं झाली मी या वाटेनं गेले नाही. एकटी यावंसं वाटलं नाही. तू वरून ये. मी खालून येते. अठराशी भेटू.” आणि उत्तराची वाट न बघता उतरायला लागलीसुद्धा.

कुठेबाई वरच्या वाटेनं निघाली. मध्ये झाडं होती, त्यामुळे खालचं काही दिसत नव्हतं. नुसतं पाणी ऐकू येत होतं. ती जवळजवळ पळत होती. पंधरा, सोळा, सतरा. अठरा नंबरच्या खांबाशी तीन वीसला पोचली. पायऱ्यांवर कोणी नव्हतं.

तीन पंचवीस. रमतगमत येत असेल, शिंपले गोळा करत असेल. तीन तीस. फोन लावला. वाजला नाहीच, बंद असल्याची टेप लागली. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ना. पाय घसरला. डोकं आपटलं. कड्यावरून दगड सुटला. यातल्या प्रत्येकाचा फोन तिनं कधी ना कधी घेतला होता आणि प्रत्येकाचा आवाज तिला आठवत होता.

लोकांना आयुष्यभर सांगितलं, की आधी फोन करा. आता स्वतःच्या हातात फोन होता आणि तिला करवेना. काय सांगायचं? माझी नणंद दहा मिनिटं उशिरा येतेय? असे फोन आले की आम्ही एकमेकींकडे बघून भुवया उडवायचो. तीही उडवायची. त्या भुवया तिला डोळ्यांसमोर दिसल्या म्हणे. दहा मिनिटं तिनं अशीच घालवली. त्या दहा मिनिटांबद्दल ती माझ्याशी पुढे तासन्‌तास बोलली आहे.

तीन चाळीसला ती पायऱ्या उतरली. ओल्या होत्या, बाजूला धरायला लोखंडी साखळी. खाली गोल गोल दगड, पायाखाली हलणारे. कड्याचा एक भाग नाकासारखा पुढे आला होता. त्याला वळसा घालताना लाट आली आणि घोट्यापर्यंत पाणी लागून गेलं. तिनं हाका मारल्या. वाऱ्यानं हाक तोंडातल्या तोंडात परत ढकलली. पुढे दुसरं नाक. तिथे पाणी अजून पोचलं नव्हतं. ते ओलांडलं आणि समोर भिंगरीचं लाल जाकीट दिसलं.

ती दगडाला टेकून बसली होती. चेहरा राखेसारखा झालेला. उजवं पाऊल भलत्याच दिशेला वळलेलं.

“रागावू नकोस,” भिंगरी म्हणाली. “रागवायचं असेल तर आधी खाली बस. फोन पाण्यात पडला गं. आणि मी खूप हाका मारल्या.”

कुठेबाईनं पाऊल बघितलं, ते हलवायचं नाही हे ठरवलं, आणि फोन काढला. सिग्नल नव्हता. ती पाण्याच्या दिशेनं दहा-पंधरा पावलं गेली, तिथे फोन लागला. आणि ज्या खोलीत तिनं सत्तावीस वर्षं काढली, त्या खोलीतून एका अनोळखी बाईचा, सर्दीनं बसलेला आवाज आला. “अँब्युलन्स. कुठे आहात?”

कुठेबाईच्या तोंडून शब्द फुटेना.

“हॅलो? तुम्ही कुठे आहात?”

“समुद्रावर.”

“समुद्रावर कुठे?”

“खाली. ती खाली पडलीय. माझी नणंद आहे. मी तिला जाऊ नको म्हणाले होते, पण ती—”

“हो. ते सगळं ऐकते मी. आधी जागा सांगा.”

तिला त्या उद्यानाचं नावसुद्धा आठवेना. डोक्यात नुसता पांढरा पडदा. ती मला म्हणाली, “माझ्या घराचा पत्ता मला आठवत होता. पिनकोडसकट. दुसरं काही म्हणजे काही नाही.”

“मला माहीत नाही,” ती फोनमध्ये म्हणाली. आणि रडायला लागली.

तेव्हा मागून भिंगरी ओरडली. “वहिनी, मी सांगते, तू नुसतं म्हण.” आणि तिनं उद्यानाचं नाव ओरडून सांगितलं. कुठेबाईनं ते फोनमध्ये म्हटलं. “अठरा नंबरच्या पायऱ्या उतरायच्या.” तेही म्हटलं. “दोन नाकं ओलांडायची.” “दुसऱ्या नाकाच्या पुढे साठ-सत्तर पावलं. वर बघितलं की कड्याच्या कडेला सिमेंटचा चौथरा दिसतो.” शाळेतल्या मुलीनं पाढे म्हणावेत तसं ती एकेक वाक्य म्हणत गेली. वाऱ्यात एखादा शब्द हरवला की मागे वळून विचारायची, “काय? किती पावलं?” आणि दुखऱ्या पायाची भिंगरी पुन्हा ओरडायची.

“पाणी किती लांब आहे?” पलीकडच्या बाईनं विचारलं.

कुठेबाईनं खाली बघितलं. “माझ्या बुटांपाशी.”

“मग ऐका. पायऱ्यांकडे परत जायचा प्रयत्न करू नका. पहिल्या नाकाशी आता पाणी असेल. त्यांना जितकं उंच नेता येईल तितकं न्या. बोट निघतेय. अर्धा तास लागेल. त्यांना सोडून—” आणि फोन तुटला.

कड्याच्या पायाशी छातीइतक्या उंचीवर एक खडकाची पायरी होती, बाकासारखी. तिथवर वीस पावलं असतील. कुठेबाईनं स्वतःचा स्कार्फ आणि भिंगरीचा स्कार्फ घेऊन पाऊल दोन चपट्या फळकुटांमध्ये बांधलं. फळकुटं लाटेनं आणून टाकलेली होती. मग भिंगरीच्या काखेत हात घालून, मागे मागे सरकत, तिला ओढलं. भिंगरी एकदाच किंचाळली, मग दात आवळून गप्प झाली. खडकावर कसं चढवलं ते दोघींनाही आठवत नाही. कुठेबाईच्या दोन्ही हातांची नखं तुटली, एवढं खरं.

वर बसल्यावर ती भिंगरीला बोलतं ठेवायला लागली. ते तिला येत होतं. झोपू नकोस, माझ्याशी बोल, गिऱ्हाइकांचं सांग, सकाळी काय खाल्लंस ते सांग. भिंगरीचे दात वाजत होते. जिथे ती मघाशी बसली होती, तो दगड पाण्याखाली गेला.

“तुला इतकं नेमकं कसं ठाऊक?” कुठेबाईनं विचारलं. “पावलं आणि चौथरा?”

भिंगरीनं वर चौथऱ्याकडे बघितलं.

“सहा वर्षांपूर्वी दादा इथेच पडला होता. गुडघा. मी अठराच्या पायऱ्यांपर्यंत मोजत मोजत गेले आणि माणसं घेऊन आले.”

“तो म्हणाला होता, लिफ्टच्या खड्ड्यात घसरला.”

“हो.”

“का?”

“तुला कळलं तर रविवार बंद होईल म्हणून. मला शपथ घातली होती.”

पाण्याचे शिंतोडे तोंडावर यायला लागले होते. कुठेबाईनं भिंगरीला आणखी जवळ ओढलं. त्या गुडघ्याला तिनं महिनाभर शेक दिला होता. आणि लिफ्टच्या कंपनीला खडसावणारं एक पत्र लिहिलं होतं. ते पत्र टाकायला नवऱ्यानं नेलं होतं.

“अजून काय काय सांगितलं नाहीत मला?”

“आत्ता नको गं वहिनी,” भिंगरी म्हणाली. “फार थंडी वाजतेय.”

बोट आली तेव्हा साडेचार वाजून गेले होते. आधी वर चौथऱ्यावरून पहारेकऱ्याची टॉर्च हलताना दिसली, मग नाकाला वळसा घालून नारिंगी बोट. त्यात दोन पुरुष आणि एक बाई. भिंगरीला आधी उतरवलं. कुठेबाई उतरताना कमरेपर्यंत पाण्यात गेली, पण बोटीतल्या बाईनं तिला कॉलरला धरून आत घेतलं. बोटीत भिंगरी म्हणाली, “आम्हाला फाटकापर्यंतच सोडा हं, शेवटची बस सहाची आहे.” कोणी हसलं नाही. कुठेबाई तर मुळीच नाही.

घोट्याची दोन हाडं मोडली होती. ऑपरेशन झालं, धातूची पट्टी आणि स्क्रू बसले. दुसऱ्या दिवशी कुठेबाईनं कंट्रोल रूमला फोन करून सांगितलं, की काल समुद्रावरून फोन आला होता, ती बाई सुखरूप आहे. ज्या बाईनं फोन घेतला होता तिची त्या दिवशी सुट्टी होती. निरोप ठेवते, असं फोनवरची दुसरी बाई म्हणाली. पोचला की नाही, ठाऊक नाही.

भिंगरीच्या घराला लिफ्ट नव्हती, म्हणून ती वहिनीकडे राहायला आली. दहा आठवडे होती. मी अधूनमधून जायचे. घराची पार दशा झाली होती. खुर्चीवर टॉवेल, बेसिनवर कंगवे, कुबड्या मधोमध. कुठेबाई त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हती. पण रोज संध्याकाळी ती एक प्रश्न विचारायची, आणि भिंगरी एक गोष्ट सांगायची. नवऱ्यानं दोन वर्षं चोरून मोटरसायकल चालवली होती, ती भिंगरीच्या दुकानामागे ठेवायचा. सासूला एकदा चक्कर येऊन ती बाजारात पडली होती. नवऱ्याच्या छातीत पहिल्यांदा दुखलं तेव्हा तो आधी बहिणीकडे गेला होता.

ही शेवटची गोष्ट ऐकल्यावर कुठेबाई दोन दिवस नणंदेशी बोलली नाही. जेवण पुढ्यात ठेवायची, गोळ्या हातात द्यायची, आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची. तिसऱ्या दिवशी मला फोन केला. म्हणाली, “मी त्याला सत्तावीस वर्षं विचारत होते, कुठे चाललास, कसा आहेस. आणि तो मला बरं वाटेल असं काहीतरी सांगायचा. मी ते खरं धरायचे.” मग म्हणाली, “लवकर कळलं असतं तर वाचला असता का गं?”

मला माहीत नव्हतं. तसंच सांगितलं. तेवढा तरी मी तिचा मान ठेवला.

प्लास्टर निघालं. भिंगरी आधी काठी घेऊन, मग काठीशिवाय चालायला लागली, आपल्या घरी गेली, दुकान उघडलं. पुढच्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी कुठेबाईचा फोन आला. “आज येतेस का माझ्याकडे? बसायला.”

गेले. ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती, समोर एक जुना स्वेटर. तो ती उसवत होती. मी समोर बसून लोकर गुंडाळायला घेतली.

“भिंगरी गेलीय फेऱ्याला,” ती म्हणाली.

“एकटी?”

“एकटीच जायचं म्हणाली. मी काही विचारलं नाही. दाराशी उभी राहिले आणि बरं म्हटलं.”

आम्ही बसलो. अडीच वाजले, तीन वाजले. ती बोलत होती, पण दर वाक्याच्या मध्ये कुठेतरी जाऊन यायची. सव्वातीनला उठून नळ बंद आहे का बघून आली. साडेतीनला फोन उलटा करून ठेवला. पावणेचारला तिनं लोकर ओढली ती इतकी जोरात की धागा तुटला. गाठ मारायला गेली, तर दोनदा सुटली. मी गाठ मारून दिली. फोन करू या का, असं माझ्या जिभेवर आलं होतं. तिनं माझ्याकडे बघून नको म्हणून मान हलवली.

पाच वाजून दहा मिनिटांनी बेल वाजली. भिंगरी दारात उभी, गाल लाल, नाक लाल.

“काय मस्त हवा होती,” ती म्हणाली. “वरूनच गेले हं वहिनी. सावकाश.”

आणि बूट काढून ती आत जाऊन सोफ्यावर आडवी झाली. दोन मिनिटांत घोरायला लागली. बूट नाडीपर्यंत ओले होते, आणि शिवणीत बारीक वाळू अडकलेली.

कुठेबाईनं ते उचलले. शिवणीतली वाळू नखानं काढली. मग जुने पेपर आणले, त्यांचे बोळे केले, ते बुटांत कोंबले आणि बूट हीटरपासून जरा लांब, भिंतीला टेकवून ठेवले. जवळ ठेवले की चामडं तडकतं, असं तिनं मला सांगितलं, आणि चहाचं आधण ठेवायला गेली.